राजगडचा रोपवे आणि पायथ्याच्या गावांचा पैसा

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा मराठा किल्ले गेले. त्यांत पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. तेव्हापासून पुण्यात कुठेही विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येते: "राजगडावर रोपवे झाल्याखेरीज पायथ्याच्या गावांना चार पैसे मिळणार नाहीत." त्यामागची तळमळ मला मान्य आहे, तर्क मात्र मान्य नाही.

चढण अवघड असल्यामुळे लोक येत नाहीत, हे तर खरेच नाही. सुट्टीच्या दिवशी बालेकिल्ल्याच्या कातळटप्प्यावर चढणारे आणि उतरणारे एकमेकांसाठी खोळंबलेले असतात.

माणसे वाढली की गावाचे उत्पन्न आपोआप वाढते, हा समज तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. पैसा गावात राहतो तो माणूस गावात थांबला तरच, आणि सध्या पहाटे गड चढायचा म्हणून लोक आदल्या रात्री मुक्कामाला येतात. गेल्या डिसेंबरात पायथ्याच्या वाडीत आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या मावशींनी साडेचारला चूल पेटवली. भाकरी घरच्या खाचरातल्या तांदळाची, दूध शेजारच्या गोठ्यातले आणि ठेच्याची मिरची परसातली होती. रोपवेने तासा-दोन तासांत वरखाली करणारा प्रवासी मात्र जेवायला महामार्गावरच थांबेल.

रायगडाचा दाखला दिला जातो. तिथे १९९६ पासून रोपवे आहे, आणि माझ्या आईला राजसदर पाहता आली ती त्याच्यामुळेच. म्हणून वृद्धांचा आणि अपंगांचा प्रश्न मी हलका मानत नाही. पण राजगडावरचे पाणी म्हणजे पावसाळ्यात भरलेली टाकी आणि तळी. दिवसभर पाळण्यातून उतरणाऱ्या गर्दीला ते कसे पुरणार?

"पायथ्याला पाहण्यासारखे आहेच काय?" असेही विचारतात. गडाभोवतीच्या मुलखाला घेरा आणि खालच्या चौकीला मेट म्हणत. सिंहगडाखाली आजही घेरा सिंहगड हे गाव आहे, तोरण्याच्या कुशीत मेटपिलावरे आहे. कोणती वाट कोणाच्या राखणीत होती, देवराईतली वाळकी काटकीसुद्धा का उचलायची नाही, हे गावातला वाटाड्याच सांगू शकतो. आणि ते ऐकायला गड चढावा लागत नाही.

निघताना मावशींना विचारले, गावात काय व्हायला हवे? त्या म्हणाल्या, "पाण्याची टाकी. एप्रिल-मेमध्ये पाणी नसतं, म्हणून आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणावं लागतं."