न मागणाऱ्या मुलांचं कौतुक

आज गावात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होता. देवळाच्या सभामंडपात, हार-तुरे, समई, सगळं रीतसर. एका मुलीला चांगले टक्के पडलेत. घरची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे गावात जशी सगळ्यांना सगळं ठाऊक असतं तशी. पाहुण्यांनी तिला बक्षीस दिलं, थांबवून घेतलं आणि माईकवरून म्हणाले, "या मुलीनं आईवडिलांकडे आजवर कधी काही मागितलं नाही. याला म्हणतात संस्कार." टाळ्या. मग माईक तिच्या तोंडापुढे. "सांग बाळ, कसे दिवस काढलेस ते सांग सगळ्यांना."

ती काही बोलली नाही. खाली बघत राहिली. लोकांना तेही आवडलं. माझ्या मागची बाई म्हणाली, "किती नम्र आहे बघा."

नम्र! पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला साऱ्या गावासमोर घरची गरिबी सांगायला लावताय आणि ती गप्प बसली तर नम्र?

मी चहा न घेताच घरी आले आणि तेव्हापासून धुमसतेय. आता लिहूनच टाकते.

आमच्या गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे, कुडचडे इकडच्या लोकांना २०१२ वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सप्टेंबरात, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली असताना सरकारनं लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं. त्याआधी सगळं भरात होतं. माल चीनला जायचा, जेटीवर बार्जी भरायच्या, रस्त्यावर ट्रकांच्या रांगा. ज्याच्याकडे एक ट्रक त्यानं दुसरा घेतला. आमच्या बाबांनीही घेतला, कर्ज काढून. घर तारण. गोव्यात नवराबायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी, त्यामुळे घर तारण ठेवायचं तर बायकोची सही लागते. आईला एका सकाळी चांगली साडी नेसवून बँकेत नेलं आणि सही घेतली.

खाणी बंद झाल्या. हप्ता बंद झाला नाही.

पुढे आमच्या घरात जी भांडणं झाली ती सगळी त्या एका सहीवरून. बाबा म्हणायचे, "सही तुझीपण आहे." आई म्हणायची, "मला विचारलं होतं, की नुसतं पेन हातात दिलं होतं?" रात्री, जेवणं झाल्यावर, आवाज दाबून. पोरं झोपली असं समजून. पोरं कधी झोपतात अशा वेळी?

तेव्हा दादा दहावीत होता. शाळेची सहल जाणार होती रायगड-प्रतापगडला. दादाला गडांचं वेड. कुठल्या गडावर कुठल्या वाटेनं चढायचं हे कधीही गड न पाहिलेल्या या मुलाला तोंडपाठ होतं. फॉर्म घरी आला. दोन दिवस तो दप्तरातच राहिला. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं तर दादा म्हणाला, "मी नाही जात. मला बस लागते."

बस लागते! ज्या पोराची सुट्टी बाबांच्या टिपरच्या केबिनमध्ये जायची, खाणीपासून जेटीपर्यंत त्या खड्ड्यांतून ट्रिपा मारताना जो तोंडात लाडू धरून गाणी म्हणायचा, त्याला बस लागते. आईला कळलं नसेल? कळलं. तिनं फॉर्म घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "बरं." त्याच आठवड्यात शेजारी सांगताना मी ऐकलंय तिला, "आमचा मोठा भारी समजूतदार हो. काही मागत नाही."

मी त्या वर्षी माझ्या वर्गाबरोबर बोंडल्याला गेले. ती सहल स्वस्त होती आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. छान मजा केली. मी धाकटी, मला मागता येत होतं, कारण न मागण्याचं काम त्यानं आधीच उचललं होतं.

आता कोणीतरी लिहीलच की हलाखीतून गेलेली माणसंच मोठी होतात. होतात काही. मान्य. पुढे.

खाणींबद्दल माझा गैरसमज करून घेऊ नका. त्या धुळीनं शेतं लाल झाली, विहिरी गेल्या, त्या ट्रकांखाली माणसंही गेली. बंद व्हायला हव्या होत्या की नाही हा वाद मला इथे घालायचा नाही. आणि बाबांनाही मी खलनायक करणार नाही. आजूबाजूचे कितीजण त्या वर्षापासून दुपारीच बारमध्ये बसायला लागले, बाबा बसले नाहीत. ते सोप्यावर बसायचे, अंगणातल्या उभ्या ट्रकाकडे बघत. जो येईल तो सांगायचा, "दिवाळेआदीं चालू जातली." म्हणजे दिवाळीआधी खाण चालू होईल. मग शिगम्याआदीं. मग पुढच्या चवथीआदीं. त्या माणसानं मुलांवर कधी हात उगारला नाही. फक्त तो आमच्याशी बोलायचा थांबला. दादाला पैशांपेक्षा ते जास्त लागलं असं मला वाटतं. रोज केबिनमध्ये शेजारी बसवून गप्पा मारणारा बाप घरातच होता आणि नव्हता.

वसुलीवाले यायचे तेव्हा दादाला पुढे करायचे. "बाबा घरात नाहीत म्हणून सांग." बाबा आतल्या खोलीत. मी बघितलंय त्याला दारात उभं राहून त्या माणसाशी मोठ्या माणसासारखं बोलताना, "काका, पुढच्या महिन्यात नक्की." मिसरूड फुटलं नव्हतं हो.

ज्यांना वाटतं हाल मुलांना घडवतात त्यांनी एवढंच सांगावं, यात त्याचं काय घडलं? खोटं बोलायला शिकला. घरातल्या तोंडांचा अंदाज घ्यायला शिकला. कुठल्या क्षणी बोलायचं नाही हे शिकला. टक्के? पडले ठीकठाक.

त्याला सावरलं ते गरिबीनं नाही, आत्यानं. आत्या एका रविवारी आली, बाबांना सोप्यावरच गाठलं आणि सगळ्यांदेखत सुनावलं, "पोराला दारात उभं करतोस? लाज नाही वाटत? पुन्हा कोण आलं तर तू जा पुढं." सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला पत्करला तिनं त्यापायी. दादाची आयटीआयची फी तिनं भरली, आणि भरली हे कुठे बोलली नाही. तिचा सत्कार कोणी केलेला माझ्या तरी ऐकिवात नाही.

२०१४ मध्ये कोर्टानं अटी घालून खाणकामाला परवानगी दिली, २०१८ च्या मार्चमध्ये ते पुन्हा थांबलं. दुसरा ट्रक त्याच्या कितीतरी आधी मिळेल त्या किमतीला गेला होता. दादा आज कुंडईला एका कंपनीत आहे. पगार बरा आहे, घर सोडवलं त्यानंच. आजच्या पाहुण्यांनी त्याला बघितलं तर त्यालाही स्टेजवर घेतील.

पण गेल्या पावसाळ्यात हा माणूस डेंग्यूचा ताप अंगावर काढून कामाला जात होता. वहिनीलाही सांगितलं नाही. कंपनीतल्या मित्रानं फोन केला तेव्हा आम्हाला कळलं. बांबोळीला वॉर्डात त्याच्यावर मी इतकी चिडले की नर्सनं मला बाहेर काढलं. का सांगितलं नाहीस विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला कशाला उगाच त्रास." तिशीला टेकलाय. अजून बसच लागतेय त्याला.

(गेल्या महिन्यात त्याचा मुलगा खेळण्याच्या गाडीसाठी म्हापशाच्या बाजारात जमिनीवर लोळला. सगळे बघत होते. दादा शांतपणे उभा राहून हसत होता. गाडी घेतली नाही त्यानं, पण लोळू दिलं पोटभर.)

मी शाळेत शिकवते. दंगा करणाऱ्या मुलांची मला काळजी वाटत नाही. मला भीती वाटते ती शहाण्या पोरांची, जी वही संपली तरी सांगत नाहीत, मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहीत राहतात. सहलीचे पैसे मागितले की ज्यांची आजी हटकून आजारी पडते. अशा मुलांना आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकावर "उत्तम वर्तन" लिहून देतो आणि पालकही खूश होतात. त्यांच्या घरी कोण कोणाशी बोलत नाही, दारावर कोण येतं, एवढं तरी कोणी विचारतं का? मी विचारते तर स्टाफरूममध्ये ऐकावं लागतं, "मॅडम, घरगुती बाबी आहेत." असतील. मूल त्या घरगुती बाबींतूनच वर्गात येतं ना?

सत्कार करूच नका असं माझं म्हणणं नाही. मुलीनं अभ्यास केलाय, टाळ्या तिच्या हक्काच्या आहेत. मंडळातली मुलंही मनापासून राबतात, वर्गणी काढतात, हे मला दिसतं.

मंडळातले चौघे-पाचजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. पुढच्या वर्षी नाव पुकारा, पाकीट द्या, फोटो काढा आणि पोरांना खाली येऊ द्या. कोणाच्या घरात काय आहे ते पाहुण्यांच्या कानात आधी सांगू नका. आणि त्या मुलीला अकरावीला काय घ्यायचंय, पुस्तकं आहेत का, जायची सोय काय, हे स्टेजवर नाही तर तिच्या घरी जाऊन विचारा. पहिल्यांदा ती "काही नको" म्हणेल. पुन्हा जा. माझ्यावर राग आला असेल तर फोन करा, नंबर आहेच तुमच्याकडे. इथे खाली भांडत बसायला मला वेळ नाही, पेपर तपासायचेत.