माझ्या सुरक्षेसाठी

काल माझं इंटरनेट माझ्याच सुरक्षेसाठी बंद पडलं. 'सुरक्षेसाठी' हा शब्द मेहुण्याचा. व्हीपीएन म्हणजे माझा डेटा कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, तिच्यावरून हे सगळं.

"दाजी, बंद नाही पडलं. व्हीपीएन सुटला म्हणून किल स्विचनं, म्हणजे त्यातल्याच आपोआप नेट तोडणाऱ्या सोयीनं, तोडलं. नाहीतर तुमचा खरा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बाहेर दिसला असता."

"अरे, मी फॉर्म भरत होतो. बारापर्यंत मुदत होती."

"फॉर्म गेला. पण गळती झाली का? नाही ना?"

मी आपला एक गोल बटणवाला व्हीपीएन पसंत केला होता. दाबलं की चालू, दाबलं की बंद. फुकटच्या वायफायवर बसताना तेवढा पुरतो. पण मेहुण्यांनी तो पाहिला मात्र, एखाद्याचं लग्न मोडावं तसे हळहळले. "यात मल्टी-हॉपसुद्धा नाही?"

"त्यानं काय होतं?"

"तुमचा डेटा आधी एका देशात जातो, तिथून दुसऱ्या, मग पुढे."

"म्हणजे लवकर पोचतो?"

"छे! उशिरा."

"मला विजेचं बिल भरायचंय रे."

"तेच! बिल दोन देश फिरून जाणार. फक्त बँकेला वाटेल, परदेशातून कोणी शिरतंय, आणि ती खातं अडवेल. म्हणून बँकेचं अॅप व्हीपीएनमधून वगळायचं. स्प्लिट टनेलिंग."

"मग व्हीपीएन कशाला?"

"बाकीच्यासाठी."

"बाकी काय करतो मी?"

यावर ते गप्प बसले आणि त्यांच्या पसंतीच्या अॅपमधली प्रोटोकॉलची, म्हणजे डेटा नेण्याच्या पद्धतींची, यादी उघडली.

त्या यादीत ओपनव्हीपीएन आहे, २००१चा. डेटा टीसीपीनं पाठवायचा की यूडीपीनं, या दोन रीतींतली एकही तुम्हीच ठरवा. आणि वायरगार्ड आहे. २०२० मध्ये तो लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, गेला तेव्हा त्याचं कौतुक कशाचं होतं, तर कोडच्या सुमारे ४,००० ओळींत आटोपल्याचं. कोणतं एन्क्रिप्शन (डेटा कूटबद्ध करायची रीत) हवं, हेही तो विचारत नाही, एकच ठरलेलं. म्हणजे जाणकारांनी घासूनपुसून पर्याय कमी केले, आणि अॅपवाल्यांनी त्यावर सेटिंगची पाच पानं चढवली! बरं, ज्या बँकेच्या नावानं मला घाबरवलं, तिचा व्यवहार एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमुळे तसाही कूटबद्धच असतो.

किल स्विचशी माझं भांडण नाही. ठेवावं असं त्या अॅपमध्ये तेवढंच आहे. पण तोडताना पडद्यावर एक ओळ लिहायला काय जातं? मी अर्धा तास राउटर उपटत आणि खोचत बसलो.

आणि मुळात हे सगळं कोणाच्या भरवशावर? नेटवाल्याला माझं काही कळू नये म्हणून ते या व्हीपीएन कंपनीच्या हाती द्यायचं. "आम्ही नोंदी ठेवत नाही," असं ती म्हणते. ठेवत नसेलही. मी कुठून बघणार? पैसे मात्र दोन वर्षांचे आगाऊ, कारण महिन्याचा दर मुद्दामच अंगावर येईल असा ठेवलेला.

आज आपोआप नूतनीकरण बंद करायला गेलो. अॅपमध्ये जगातल्या सगळ्या गोष्टींना बटण आहे, याला नाही. ते वेबसाइटवर, खात्याच्या आत, "नक्की का?" या प्रश्नाच्या पलीकडे. तिथे सोडून जाण्याचं कारण निवडावं लागतं: महाग वाटतं, वेग कमी आहे, दुसरी सेवा घेतली. "फार काही देता" असा पर्याय नाही. मी "इतर"वर टिचकी मारली, तर म्हणे किमान पन्नास अक्षरं लिहा.