निरोपाच्या दिवशी आलेलं पाकीट

31 मे 2022. बाबांचा सरकारी नोकरीतला शेवटचा दिवस. नागपूरच्या त्या उन्हातही आई नवी साडी नेसून त्यांच्या ऑफिसात गेली होती. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि साडेचारला आस्थापनेतला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेतला, शिपाई पाकीट घेऊन आला. आत दोषारोपपत्र, म्हणजे खात्याने ठेवलेल्या आरोपांचा कागद, 2014 च्या फर्निचर खरेदीचं. आठ वर्षं ती फाइल कोणाच्या टेबलावर होती, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

शेवटचाच दिवस का, ते नियम वाचल्यावर कळलं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982, नियम 27. माणूस रिटायर झाला की नवी विभागीय (खात्याअंतर्गत) चौकशी लावायला शासनाची मंजुरी लागते आणि चार वर्षांहून जुनं प्रकरण काढताच येत नाही. मात्र नोकरीत असताना दोषारोपपत्र दिलं, तर चौकशी पुढेही चालू राहते. 1 जूनला मुदतीबाहेर गेलं असतं ते प्रकरण आदल्या दुपारी वाचवलं गेलं.

तात्पुरतं पेन्शन मिळतं. ग्रॅच्युइटी मात्र नियम 130 प्रमाणे अंतिम आदेश होईपर्यंत अडकली. घराचं कर्ज त्यातूनच फेडायचं होतं.

चौकशी अधिकारी दोनदा बदलले. बाबा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या कागदांची पिशवी घेऊन जातात. 2014 चं साठा रजिस्टर मागितलं तर सापडत नाही. ज्यांनी माल मोजून घेतला ते भांडारपाल वारले. आता बाबांच्या बाजूने सांगणार कोण?

चौकशी नको असं मी म्हणत नाही. सरकारी पैसा खाल्ला असेल तर वसूल व्हायलाच हवा, पण साक्षीदार आणि कागद शाबूत असताना. उशिरामुळे खरा दोषीही सुटतो. विभागीय चौकशी सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात संपवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये प्रेमनाथ बाली प्रकरणात सांगितलं आहे. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी ही सरकारची मेहेरबानी नाही, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, हेही 2013 मध्येच झारखंडच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

माझी मागणी एवढीच: निवृत्तीच्या शेवटच्या वर्षात दोषारोपपत्र द्यायचं असेल तर फाइल कोणाकडे किती दिवस पडून होती, ते त्यातच लिहा. आणि उशीर करणाऱ्यालाही जाब विचारा.

ज्यांना रिटायर व्हायला वर्ष-दोन वर्षं आहेत, त्यांनी आपल्याविरुद्ध काही प्रस्तावित आहे का, हे आजच आस्थापनेला लेखी विचारा. पोचपावती घ्या. जुन्या खरेदीच्या, साठ्याच्या नोंदींच्या नकला आत्ताच काढून ठेवा.