कॅसोवरीतला बाप राहून गेला

कॅसोवरी हा पक्षी किती धोकादायक आहे, यावरचा लेख आवडला, पण तो त्याच्या पायाच्या १२ सेंटिमीटरच्या नखापाशीच फार रेंगाळला. न्यू गिनी आणि ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांतला हा पक्षी मुख्यतः गळून पडलेल्या फळांवर जगतो. फळं अख्खी गिळतो, बिया विष्ठेतून दूरवर पडतात आणि जंगल पसरतं. पिल्लांबद्दल तर एक ओळ तरी हवीच होती! मादी हिरवी अंडी घालून निघून जाते. नर एकटाच ती सुमारे ५० दिवस उबवतो आणि मग पट्टेरी पिल्लांना कित्येक महिने सोबत घेऊन फिरतो. अशा बापाच्या जवळ गेलं तर तो अंगावर येणारच. माणसांनी खायला घालून सवय लावलेले पक्षीही हल्ला करतात, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात त्यांना खायला घालणं बेकायदेशीर आहे.