साय काढलीस का?

आमच्याकडे दिवस या प्रश्नाने उजाडतो. विचारणारे चिरंजीव चौदा वर्षांचे, मिसरूड फुटलेले, माझ्यापेक्षा बोटभर उंच. पण पेल्यात नखाएवढी साय दिसली की असा चेहरा करतात, जणू मी दुधात पाल सोडली आहे.

मी चमच्याने साय काढते. एक कण तरंगत राहतो. तो कण त्याला दुरून दिसतो. पलंगाखालचे मोजे मात्र आठ-आठ दिवस दिसत नाहीत. मी गाळणं आणते. तोवर दूध निवतं. ते पुन्हा तापवायचं, की पुन्हा साय! तापल्यावर दुधातली प्रथिनं वर येऊन एकमेकांना घट्ट धरून बसतात म्हणे. बसू देत बापडी, पण शाळेच्या वेळेला कशाला?

तरी मी हट्ट सोडत नाही. हाडांची बहुतेक भरती विशीच्या आत उरकते. ९ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं अमेरिकेतली शिफारस सांगते, आणि २५० मिलिलिटर दुधात असतं जेमतेम ३००. एका दमात हे सगळं ऐकवलं.

"पालकात पण असतं ना कॅल्शियम?"

माझा ऊर भरून आला. पोरगं आपणहून पालेभाजीचं नाव काढतंय! तिथेच गप्प बसायचं, तर माझी जीभ वळवळली. "असतं, पण त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं. अंगी लागतं ते अगदी थोडं."

"मग नको पालक."

दूध तर गेलंच, पालकही मी स्वतःच्या तोंडाने घालवला.

मग चॉकलेटची पूड आणली. पेला चाटूनपुसून रिकामा! विजयोत्सव चष्मा लावून डबा वाचेपर्यंत टिकला. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं.

एकदा आठवडाभर त्याचं खाणं वहीत उतरवलं. दुधाच्या रकान्यात सात खुणा, अगदी फुशारकीने. फळांच्या रकान्यात अर्धं केळं. भाजीपुढे 'बाजूला काढली' आणि त्याखाली नुसतं 'वरीलप्रमाणे'. उरलेलं पान चिप्स आणि शीतपेयांनी भरलेलं. दूध पिणाऱ्या मुलांचा एकूण आहार बरा असतो, असं वाचलं होतं. मला विचाराल तर ते श्रेय दुधापेक्षा दूध देणाऱ्या घराच्या पानात आणखी काय पडतं, त्याचं असावं. आमची वही तरी तेच सांगत होती.

वही त्याच्यापुढे धरली. त्याने पानं उलटली. "आणि तुझी वही?"

माझी वही नव्हती. दूधही मी सोळाव्या वर्षापासून सोडलेलं. मोठेपणी अनेकांना दुधातली साखर नीट पचत नाही, दही त्यामानाने सोसतं, वगैरे सांगून पाहिलं.

"मग दोघं दही खाऊ. पण आज एक घोट तरी घे," म्हणत त्याने स्वतः दूध तापवून आणलं. मी डोळे मिटून पेला तोंडाला लावला. वरच्या ओठाला काहीतरी मऊ, बुळबुळीत चिकटलं.

"काय झालं?"

"गाळणं आण."