झोंबींची साथ टिकवायची कशी?

तुमच्या रविवारच्या टेबलावर मुठेकाठी एक जादुई पुणं वसलंय आणि आता त्यात झोंबींची साथ आणायचा बेत आहे. उत्तम. अडचण एवढीच, की फाशांवर आणि कल्पनेवर चालणाऱ्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४च्या नियमांत अशी साथ पसरतच नाही. झोंबी चावत नाही, ठोसा मारतो, आणि ठोशाने कुणाला काही लागण होत नाही. त्याची चाल फेरीला २० फूट, साध्या माणसाची ३०. लक्ष्मी रोडवरून पिशव्या सांभाळत निघालेल्या आजीही त्याला सहज मागे टाकतील. मंत्राविना नवे झोंबी घडवायचे तर वाइट हा प्राण शोषणारा मृत योद्धा बरा, आणि एका वाइटच्या ताब्यात एका वेळी बाराच राहतात. तेराव्याची सोय नियमांत नाही. तेव्हा शहर बुडवायचं तर मेहनत जिवंतांनीच घ्यायला हवी.

सुरुवात अंत्यविधीपासून करा. वाइटने प्राण शोषून मारलेला माणूस २४ तासांनी उठतो. त्याआधी देह जाळला की विषय मिटला. म्हणून वैकुंठ स्मशानात न्यायची घाई नको. धाकटा मुलगा साता समुद्रांपलीकडच्या मनोऱ्यात जादू शिकवतो, त्याचा गालिचा परवा सकाळी उतरणार, तोवर थांबू या, असं कुणीतरी म्हणायलाच हवं. धोका आहे तो शहाण्या क्लेरिकचा, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या पुजाऱ्याचा. तो ‘जेंटल रिपोज’ सुचवेल. दुसऱ्या पातळीचा मंत्र, चिमूटभर मीठ, दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, की दहा दिवस ते प्रेत उठू शकत नाही. विधी म्हणून केला तर दहा मिनिटं जास्त जातात, पण स्पेल स्लॉटसुद्धा, म्हणजे मंत्रांच्या ठरावीक कोट्यातला एकही, खर्च होत नाही. एवढा स्वस्त उपाय मंजूर होऊ देऊ नका. नाणी दहाही दिवस डोळ्यांवरच ठेवायची असतात. ती कुणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न थोरल्या आणि धाकट्या पातीसमोर मांडा. २४ तास कधी उलटले ते कळणारही नाही.

आता लढाई. झोंबीचा एसी, म्हणजे घाव लागायला फाशावर गाठायचा आकडा, फक्त ८ आणि हिट पॉइंट, म्हणजे शिल्लक जीव, २२; तेव्हा मारणं सोपं. मेलेला ठेवणं अवघड. शून्यावर आला की तो कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे वीस बाजूंचा बचावाचा फासा, टाकतो. लक्ष्य असतं ५ अधिक त्या घावाचं नुकसान, आणि फाशावर त्याला ३ जास्तीचे मिळतात. जमलं की एक हिट पॉइंट घेऊन स्वारी पुन्हा उभी. म्हणून ढोलपथकातली पोरं टिपरू घेऊनच पाठवा. टिपरू म्हणजे नियमांतला सोटा, नुकसान १ ते ४. चारचा घाव बसला तरी लक्ष्य ९, म्हणजे वीसपैकी पंधरा वेळा झोंबी उठणार. उलट पोराचे हिट पॉइंट चार, आणि झोंबीच्या लागलेल्या तीन ठोशांपैकी दोन त्याला पुरतात. क्रिटिकल हिट (हल्ल्याच्या फाशावर वीस) किंवा रेडियंट (दिव्य तेजाचं) नुकसान झालं तर मात्र हा सेव्ह मिळत नाही, ही माहिती पथकापर्यंत पोचू नये.

कुणी पेटतं तेल आणलं तर आनंदाने आणू द्या. बुधला चांदीच्या एका नाण्याला, नुकसान ५. आग रेडियंट नाही, त्यामुळे त्या शेवटच्या पाचाला लक्ष्य १० आणि दहापैकी सातदा झोंबी उभाच, आता पेटलेला, सागवानी जिन्यावरून माडीकडे निघालेला.

खरा शत्रू पाचव्या पातळीचा क्लेरिक. तो टर्न अनडेड ही मृतांना पिटाळणारी दैवी शक्ती वापरतो तेव्हा ३० फुटांतला, विस्डमचा (शहाणपणाचा) सेव्ह चुकलेला प्रत्येक झोंबी तिथेच नष्ट होतो. क्लेरिकचं विस्डम १६ असेल तर वीसपैकी तेरा फासे चुकतात. ही शक्ती परत यायला तासाभराची विश्रांती पुरते. सुदैवाने पुण्यात विश्रांती तासाभराची नसते. त्यात वाइटला ऊन बाधतं. उन्हात हल्ल्याचे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. म्हणजे त्याला गाठायची उत्तम वेळ भर दुपार, आणि तेव्हाच देवळाच्या दारावर पाटी: ‘दुपारी १ ते ४ मृतांनीही बेल वाजवू नये.’ पाटी मराठीतच असू द्या. झोंबीला जिवंतपणी येणारी भाषा कळते, फक्त बोलता येत नाही. सूचना कळणारा आणि उलट न बोलणारा असा पाहुणा या देवळाला पूर्वी लाभलेला नाही.

राहता राहिली तुमची पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी. तिला वाइटपासून दूर ठेवायला एक्सपीचा, म्हणजे कुणाला हरवल्यावर किती अनुभवगुण मिळतात याचा, तक्ता पुरेसा आहे. सामान्य नागरिक १० एक्सपीचा, झोंबी ५०चा. मरणोत्तर भाव पाचपट. वाइटचे ७००, पण एकदाच. बारा झोंबींचे ६००, आणि वाइटला हात लावला नाही तर पुढचे बारा तयार होतातच. तेव्हा त्याला रात्री पेठेत सुखरूप सोडा. सकाळी कुणी तक्रार घेऊन आलंच तर नाव-पत्ता नीट लिहून घ्या आणि रात्र गेल्यावर परवा यायला सांगा; तोवर तो पन्नासचा झालेला असेल.