‘इथे वाचकच मोबदला ठरवतात’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

क्रिप्टोवर चालणाऱ्या सोशल मीडियाची भलामण करणारा एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. सार असं: मोठ्या कंपन्या आपल्या लेखनाशेजारी जाहिराती विकून गब्बर होतात आणि बहुतेक लिहिणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर, मात्र मधे कंपनी नाही. वाचक मत देतात, मतांवर टोकन (त्या व्यासपीठाचं डिजिटल चलन) मिळतात, म्हणून गुणाला मोल मिळतं. कुणाला जास्त आणि कुणाला कमी मिळत असेल, तर तो मेहनतीचा फरक.

यातलं कंपन्यांबद्दलचं गाऱ्हाणं रास्त आहे. पुढचं बहुतेक टिकत नाही. दाखले मी मुख्यतः स्टीमिटचे, म्हणजे ‘स्टीम’ ब्लॉकचेनवरच्या लेखन-व्यासपीठाचे, देणार आहे. ते २०१६ मध्ये सुरू झालं, सर्वांत गाजलं, आणि त्याची खातेवही कुणालाही उघडून पाहता येते.

‘वाचक मत देतात.’ देतात, पण मताचं वजन खात्यातल्या टोकनांवर ठरतं. नेटवर्क सतत नवी टोकनं निर्माण करतं, त्यांतली काही एका सामायिक पूलमध्ये जातात आणि पोस्टवर पडलेल्या मतांच्या वजनाप्रमाणे वाटली जातात. वजन म्हणजे ‘स्टीम पॉवर’, लगेच विकता येणार नाहीत अशी अडकवून ठेवलेली टोकनं. नव्या खात्याने लेख मनापासून वाचून दिलेलं मत मोजणीत एक धरलं जातं, पैशांत जवळपास शून्य. बड्या टोकनधारकाने, तिथल्या भाषेत ‘व्हेल’ने, शीर्षकही न वाचता दिलेलं मत त्या दिवसाची कमाई ठरवू शकतं. भागधारकांच्या सभेत असंच मतदान होतं, आणि तिथे ते कुणाला खटकतही नाही. पण त्या सभेला कुणी वाचकांचा कौल म्हणत नाही.

शिवाय पूल ठरावीक असतो. एका पोस्टला जास्त गेलं की तेवढंच बाकीच्यांचं कमी होतं.

सुरुवातीला तर पोस्टवर पडलेल्या एकूण वजनाचा वर्ग केला जाई. एका खात्याकडे १,००० एकक वजन आहे आणि शंभर लहान खात्यांकडे प्रत्येकी १०, म्हणजे दोन्हीकडे एकूण सारखंच, असं धरू. व्हेलने एकाच पोस्टला मत दिलं तर तिचा हिशेब १०,००,०००. शंभर जणांनी आपापल्या आवडीच्या शंभर वेगळ्या पोस्टना मत दिलं तर प्रत्येकीचा १००, सगळ्यांचा मिळून १०,०००. एकूण वजन सारखं, मोबदल्यात शंभरपट तफावत. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं आवडणं, ही वाचनातली सगळ्यांत साधी गोष्ट, या सूत्रात तोट्याची होती. गुणवत्तेचा इथे संबंधच येत नाही.

‘हो, पण नियम सुधारले ना!’ बदलले खरे, आणि ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. वर्गाच्या सूत्रामागे कारण होतं. प्रत्येकाने स्वतःलाच मत देत बसू नये, लोकांनी एकत्र येऊन काही निवडावं, असा हेतू होता. जून २०१७ मध्ये वर्ग गेला आणि मोबदला वजनाच्या सरळ प्रमाणात आला. लहान खात्यांच्या मताला थोडी किंमत आली, यात शंका नाही. पण त्याच क्षणी स्वतःला मत देणं हा पक्का हिशेब झाला. दिवसाला साधारण दहा मतं पूर्ण ताकदीने देता येत. दहा फुटकळ पोस्ट टाकायच्या, दहाही मतं आपल्यालाच द्यायची. काही लिहिण्याची गरज उरली नाही.

ज्यांना एवढेही कष्ट नको होते त्यांनी आपली स्टीम पॉवर भाड्याने दिली. त्यातून बोली घेणारे बॉट (आपोआप मत देणारे प्रोग्राम) उभे राहिले: लेखकाने बॉटला टोकन पाठवायचे, बॉटने त्या प्रमाणात मत द्यायचं, बॉटला मिळालेले टोकन पॉवर भाड्याने देणाऱ्यांत वाटायचे. २०१८ पर्यंत ट्रेंडिंगचं पान बऱ्याच अंशी विकत घेतलेल्या मतांनी भरू लागलं होतं. जाहिरातमुक्त व्यासपीठावरची सर्वांत ठळक जागा पैसे मोजून मिळत होती. फक्त ‘जाहिरात’ अशी पाटी तिथे नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. विरोधी मत (पोस्टचा मोबदला घटवणारं) स्वतःची ताकद खर्च न करता देता येऊ लागलं, त्याने बॉटांचा धंदा बराच बसला. ही दुरुस्ती चांगलीच म्हणावी लागेल. पण तिच्याच जोडीला दोन बदल आले, त्यांचा उल्लेख कौतुक करणारे सहसा करत नाहीत. पोस्टच्या मोबदल्यातला लेखकाचा हिस्सा ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला. उरलेला अर्धा मत देणाऱ्यांचा, आणि तो पुन्हा मुख्यतः त्यांच्या वजनाप्रमाणे. दुसरं, अगदी थोडी मतं मिळालेल्या पोस्टना सरळ प्रमाणापेक्षाही कमी मिळू लागलं. म्हणजे विषमतेवरचा इलाज लिहिणाऱ्यांकडून काढून ठेवीदारांना देण्यात झाला. यात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. वजन टोकनाचंच ठेवायचं ठरलं की सूत्र कसंही वाकवा, फार काही हाती लागत नाही.

‘लवकर आलेल्यांनी जोखीम घेतली, त्यांना मिळायलाच हवं.’ जोखमीला दाम असावा, मान्य. पण स्टीमचं बहुतांश सुरुवातीचं टोकन, सुमारे ८० टक्के, स्टीमिट चालवणाऱ्या कंपनीने स्वतःच पहिल्या दिवसांत माइन केलं (संगणक लावून मिळवलं), बाहेरच्यांना त्याची नीट वार्ता लागण्याआधी. त्यात पहिल्या वर्षातला नियम असा की नव्या निर्मितीचा मोठा भाग आधीच टोकन अडकवून बसलेल्यांच्या खात्यात जाई, त्यामुळे त्यांचा वाटा फारसा पातळ होत नसे. डिसेंबर २०१६ मध्ये नवी टोकनं छापण्याचा दर वर्षाला ९.५ टक्क्यांवर आणून हळूहळू उतरता ठेवला गेला, पण पहिली वाटणी तोवर होऊन गेली होती. उशिरा आलेला लेखक कितीही चांगला असला तरी त्याची कमाई त्या पहिल्या वाटणीच्या मर्जीवर होती.

‘मधे कंपनी नाही.’ फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांच्या ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेन संस्थेने ती न-असलेली कंपनी विकत घेतली. तिच्याकडच्या टोकनांचं काय होणार या धास्तीने टोकनधारकांच्या मतांनी निवडलेल्या, नेटवर्क चालवणाऱ्या ‘विटनेस’नी ती गोठवली. मार्चच्या सुरुवातीला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजांकडे ग्राहकांनी ठेवलेली टोकनं मतदानात उतरली आणि विटनेस एका झटक्यात बदलले गेले. एक खातं तीस विटनेसना मत देऊ शकतं, मुख्य जागा वीस. ज्याचं वजन सर्वांत मोठं तो सगळ्याच जागा भरू शकतो. २० मार्चला असंतुष्टांनी हाइव्ह नावाची वेगळी साखळी काढली आणि कंपनीची टोकनं तिथे आणली नाहीत. ते धाडसाचं होतं. पण बाकीच्या बहुतेक खात्यांतली शिल्लक जशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणजे उरलेले व्हेल नव्या घरीही व्हेलच.

‘कुणाच्याच खिशातून पैसे जात नाहीत.’ नवी टोकनं छापली जातात, जुन्या टोकनधारकाचा वाटा तेवढा पातळ होतो, आणि मिळालेलं टोकन विकायचं तर समोर खरे पैसे देणारा कुणी लागतो. यापेक्षा जास्त बोलावं असं त्यात काही नाही.

‘आता नवी व्यासपीठं आलीत, तिथे चाहते थेट पैसे देतात.’ ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं फ्रेंड.टेक घ्या. तिथे माणसाच्या ‘की’ (key, प्रवेशाची चावी) विकत घेऊन त्याच्या खासगी गप्पांत जाता येई. किंमत, चलनात असलेल्या की-संख्येचा वर्ग भागिले १६,०००, इथर या क्रिप्टो चलनात. पन्नास की असताना पुढची सुमारे ०.१६ इथरला, शंभर असताना ०.६२५ इथरला. पहिल्या काही की उचलायला बॉट टपून असत. खरा चाहता वर चढलेल्या भावात येई आणि आधीच्यांना नफा घेऊन बाहेर पडायची वाट मोकळी करून देई. त्या माणसाला स्वतःला दर व्यवहारामागे पाच टक्के मिळत, घेतानाही आणि विकतानाही. त्याची मिळकत तो काय लिहितो यापेक्षा त्याच्या नावावर किती सट्टा चालतो यावर होती. सप्टेंबर २०२४ मध्ये बनवणाऱ्यांनी ते चालवणाऱ्या प्रोग्रामचं (‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’चं) नियंत्रण सोडून दिलं.

राहिला नेहमीचा बचाव: ‘विषमता तर युट्यूबवरही आहे.’ आहे, आणि जबरदस्त आहे. लक्ष नेहमीच मूठभरांकडे जातं, ते कुठलंही व्यासपीठ बदलणार नाही. पण युट्यूबवर वरचढ ठरणाऱ्याला निदान प्रचंड संख्येने माणसं पाहत असतात. स्टीमिटवर वरचढ ठरायला एका श्रीमंत खात्याची कृपा पुरे. पहिल्या विषमतेवर हवी तेवढी टीका करा, ती मलाही मान्य असेल, पण तिच्यामागे प्रेक्षक असतात.

ब्लॉकचेनच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की आहे. प्रत्येक मत, त्याचं वजन आणि त्यातून गेलेला मोबदला नोंदलेला असतो. तेव्हा हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी आपल्या आवडीची, चांगली कमाई केलेली कुठलीही एक पोस्ट निवडावी, मतं वजनानुसार लावावीत आणि वरची पाच खाती झाकून किती मोबदला उरतो तो आकडा दाव्यासोबत टाकावा.